लेकीचे कुरळे केस घरीच सरळ करताना

आमच्याकडे कुरळे केस आजीकडून आले. आजीकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून लेकीकडे. तिचे केस कोरडे असताना जेमतेम खांद्याखाली येतात, ओले करून ताणले तर कमरेच्या थोडं वर पोचतात. ती यंदा अकरावीला. कॉलेजच्या डेजमध्ये साडी डेला तिला हे केस एकदा सरळ, मोकळे सोडायचे होते. त्यासाठी मैत्रिणींबरोबर पार्लरमध्ये जाऊन स्मूदनिंग, म्हणजे रसायनाची क्रीम लावून केस सरळ करून घ्यायचं तिनं ठरवूनही टाकलं होतं. "आई, अगं सगळ्याजणी करतात, काही होत नाही," असं ऐकवून झालं. सरळ केसांना माझी काहीच हरकत नव्हती. हरकत होती त्या क्रीमला.

माझ्या लग्नाआधी मी एका पार्लरमध्ये रिबॉन्डिंग करून घेतलं होतं, तेही रसायनानंच केस सरळ करणं. फोटोत केस सुरेख दिसले. पण काही महिन्यांनी मुळाशी नवे कुरळे केस आले, खालचे सपाटच राहिले आणि जिथे दोन्ही मिळत होते नेमके तिथे केस तुटायला लागले. गळलेला केस आणि तुटलेला केस ओळखायला सोपा असतो. मुळासकट गळलेल्याच्या एका टोकाला पांढुरका बारीक ठिपका दिसतो, मधेच तुटलेल्याला तो नसतो. माझ्या कंगव्यात यायचे ते जवळजवळ सगळे बिनठिपक्याचे, वीत-दीड वीत लांबीचे तुकडे. शेवटी मानेपर्यंत केस कापले तेव्हा ते थांबलं.

हे का होतं ते मी पुढे समजून घेतलं आणि लेकीलाही तसंच सांगितलं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या साखळ्या एकमेकींना बंधांनी जोडलेल्या असतात. त्यातले गंधकाचे बंध पक्के. रिबॉन्डिंगमध्ये थायोग्लायकोलेटसारखं रसायन तेच बंध तोडतं, केस सरळ ताणला जातो आणि दुसऱ्या रसायनानं ते पुन्हा जोडतात. सगळे काही जोडले जात नाहीत, म्हणून केस कायमचा अशक्त होतो. दुसरे हायड्रोजनचे बंध, हे कच्चे. पाण्यानं सुटतात, उष्णतेनं सुटतात आणि केस सुकून गार होताना ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा बसतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केसांना लाटा पडलेल्या असतात, त्या यामुळेच. घरी ड्रायर आणि स्ट्रेटनर वापरून आपण एवढ्या कच्च्या बंधांना हात लावतो. पुढच्या न्हाण्याला केस पुन्हा होते तसे. निदान तसे व्हायला हवेत, आणि ते होतात की नाही हीच आपण काम नीट केल्याची कसोटी.

रसायनांबद्दल मला काळजी वाटत होती ती केस तुटण्यापुरतीच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 33 हजारांहून जास्त बायकांची माहिती तपासून 2022 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रासायनिक स्ट्रेटनर वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्या बायकांना वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता त्यात 4.05 टक्के आली, कधीच न वापरणाऱ्यांमध्ये 1.64 टक्के. फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन नाही म्हणून सुरक्षित असं सांगितल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. त्याच्या वापरानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याचं उदाहरण फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 2024 मध्ये मांडलं. एकदा केल्यानं काही होईलच, असं मी लेकीला म्हटलं नाही. पण एका साडी डेसाठी सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ते कशाला चोळायचं? मी म्हटलं, घरी करू, मी करते, आणि पार्लरइतकेच सरळ करून देते.

कसं करायचं ते मी शिकले आफ्रिकन-अमेरिकन बायकांकडून, त्यांचे व्हिडिओ बघून बघून. त्यांचे केस आपल्या कुरळ्या केसांपेक्षा कितीतरी जास्त वळणांचे. फक्त उष्णतेनं केस रेशमासारखे सरळ करण्याच्या त्यांच्या पद्धतीला त्या सिल्क प्रेस म्हणतात. त्यामागे शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. चुलीवर किंवा शेगडीवर लोखंडी कंगवा तापवून केस विंचरायचे. 1867 साली अमेरिकेतल्या लुइझियानात जन्मलेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांनी केसांच्या तेल-मलमांचा मोठा व्यवसाय उभा केला. तो तापवलेला कंगवा काही त्यांनी शोधून काढला नव्हता, पण घरोघरी जाणाऱ्या त्यांच्या विक्रेत्या बायकांनी केस धुण्याची, मलम लावण्याची आणि तो कंगवा फिरवण्याची शिस्त लावली. आजच्या चांगल्या केशकर्त्या बायकाही तेच सांगतात: धुणं आणि सुकवणं नीट झालं की स्ट्रेटनरला फार थोडं काम उरतं. मला ते शंभर टक्के पटलं आहे. घरी स्ट्रेटनर वापरून ज्यांचे केस तुटतात त्यांच्याकडे बहुतेक वेळा सुकवण्याचं काम अर्धवट झालेलं असतं, आणि ती कसर त्या स्ट्रेटनरचं तापमान वाढवून भरून काढतात.

घरातला जुना स्ट्रेटनर नुसत्या लाल दिव्याचा होता. किती तापलाय ते कळायला काही मार्ग नाही. तो बाजूला ठेवला आणि तापमानाचे आकडे दाखवणारा, गोल कडांच्या सिरॅमिक पट्ट्यांचा आणला. नवीन घेताना दोन्ही पट्ट्या मिटून उजेडाकडे धरून बघाव्यात. मधून फट दिसली तर केस एका जागी दाबला जातो, दुसरीकडे सुटा राहतो, आणि मग त्याच बटेवरून पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं.

साडी डेच्या आधीच्या आठवड्यात एका बटेवर चाचणी घेतली. कानामागची, आतल्या थरातली, कुणाला दिसणार नाही अशी बट. 170 अंशांवर एकदाच फिरवली, सरळ झाली. मग बेसिनशी जाऊन तीच बट ओली केली. बघता बघता ती वर चढली, गोल गोल वळली आणि शेजारच्या बटांमध्ये अशी मिसळली की शोधून सापडेना. म्हणजे या केसांना 170 पुरतात. प्रत्येकीचा आकडा वेगळा. बारीक, रंगवलेल्या केसांना 150 च्या आसपास, जाड आणि दाट केसांना 180, फार तर 190. स्ट्रेटनरवर 230 चा आकडा असतो, तिथे घरी कुणी जाऊ नये असं मला कळकळीनं वाटतं. तेवढ्या उष्णतेत केराटिनची घडणच बिघडते आणि ती पुन्हा सुधारत नाही.

आदल्या दिवशी दुपारी तेल लावलं. खोबरेल, कोमट करून, केसांच्या लांबीला, टाळूला थोडंसंच. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हे चालत आलंय आणि यामागे पुरावाही आहे: मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली होती. धुण्याआधी किंवा नंतर लावलं तर केसातलं प्रथिन वाहून जाणं खोबरेलानंच कमी होतं, असं त्यांना दिसलं. खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं, बाकीची तेलं बरीचशी वरच राहतात. पण तेल धुण्याआधी. स्ट्रेटनर फिरवायच्या वेळी केसांवर तेल नको. ते तापतं, धुरकटतं आणि पट्टीवर चिकट थर बसतो.

पाण्याचं मला वेगळं सांगायचं आहे, कारण पुण्यात वाघोलीच्या बाजूला आम्ही राहतो आणि सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी येतं. बादलीला पांढरी पुटं चढतात, नळाच्या जाळीत खर साचतो. तेच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवरही बसतं. मग केस खरखरीत लागतात, कितीही सरळ केले तरी त्यांना तकाकी येत नाही. त्यामुळे त्या दिवशी एक वेळ ईडीटीए असलेला, क्षार काढणारा शाम्पू वापरला आणि शेवटच्या धुण्याला फिल्टरचं पाणी घेतलं, दोन मोठे तांबे. शाम्पू फक्त टाळूला लावला, लांबीवरून त्याचा फेस वाहून गेला तेवढा पुरे. शिकेकाई-रिठा आम्ही एरवी वापरतो, पण त्याची पूड कुरळ्या केसांत अडकून राहते आणि स्ट्रेटनरखाली सापडते, म्हणून या वेळी नाही.

कंडिशनर भरपूर लावला आणि तो असतानाच गुंता सोडवला. आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या फणीनं, टोकाकडून वर. मुळाकडून कंगवा ओढला तर सगळ्या गाठी एकत्र येऊन टोकाशी घट्ट बसतात. ओला केस रबरासारखा ताणला जातो, निरोगी असेल तर आपल्या लांबीच्या तीस टक्क्यांपर्यंत, पण त्यापुढे ताण बसला की परत येत नाही. कुरळा केस जिथे जिथे वळतो तिथे मुळातच नाजूक असतो, आणि टाळूचं तेलही त्या वळणांवरून खालपर्यंत पोचत नाही. शिवाय केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर, सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे लेकीच्या केसांची टोकं चार-पाच वर्षं जुनी. शाळेत असल्यापासूनचं ऊन, रिबिनी, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन, सगळं त्यांनी सोसलेलं आहे. गुंता सोडवायला आम्हाला बराच वेळ लागला, आणि तो वेळ मी मुद्दाम दिला. तिला पुस्तक दिलं होतं, ती वाचत बसली होती.

पंच्यात केस गुंडाळले. टर्किश टॉवेलच्या धाग्यांची वेटोळी केसांवरचे बारीक खवले उचकटतात आणि केस पिंजारतात. जुना, मऊ झालेला पंचा पाणी टिपून घेतो आणि केस ओढत नाही.

आता सुकवणं. इथेच मन लावून काम करायचं. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, कारण कुकरची वाफ घरभर पसरते आणि तीच केस फुगवते. पंखाही बंद. केस साधारण सत्तर टक्के आपोआप सुकू दिले, मग उष्णतेपासून वाचवणारं सीरम लावलं. यात डायमेथिकोनसारखं सिलिकॉन असतं. ते केसावर पातळ थर देतं, उष्णता सावकाश आणि सगळीकडे सारखी पसरते. जवसाचं जेल किंवा कोरफड हे काम करत नाही. कुरळे केस मोकळे सोडायचे असतील तर जवसाचं जेल मला फार आवडतं, पण स्ट्रेटनरखाली त्याचे पापुद्रे होतात.

डोक्याचे चार भाग करून क्लिपा लावल्या. मानेपासून सुरुवात. बोटभर जाडीची बट घ्यायची, ब्रशनं मुळाशी धरून ताठ ठेवायची आणि ड्रायरचं चपटं तोंड बटेच्या वरून, मुळाकडून टोकाकडे, ब्रशच्या पाठोपाठ न्यायचं. केसावरचे खवले घराच्या कौलांसारखे एकावर एक, टोकाच्या दिशेनं उतरत असतात. वारा वरून खाली गेला की ते मिटतात, खालून वर गेला की उघडतात. पिंजारलेले केस म्हणजे बहुतेक वेळा हे उघडे खवले आणि त्यांतून आत शिरलेली हवेतली ओल. ड्रायर मध्यम उष्णतेवर आणि एका जागी कधीच थांबवायचा नाही. बट पूर्ण सुकली की थंड हवेचं बटण दाबून तिला तशीच ताठ धरून गार करायची. हायड्रोजनचे बंध गार होतानाच बसतात ना. हा थंड हवेचा भाग मी एकाही बटेला सोडला नाही.

एवढं झाल्यावर केस सरळच दिसत होते, फक्त थोडे फुगीर. लेक म्हणाली, "आई, झाले की!" खरं तर कुणाला आणखी सपाट नको असतील तर इथेच थांबावं.

स्ट्रेटनर हातात घेण्याआधी केस संपूर्ण कोरडे आहेत ना, हे मुळाशी बोट घालून बघितलं. मुळाशी आणि मानेवर ओल राहून जाते. ओल्या केसाला तापलेली पट्टी लागली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसाच्या पोटात बुडबुडे तयार होतात. डॉक्टर त्याला बबल हेअरच म्हणतात. तो केस पुढे तिथेच तुटतो. पट्टी लावल्यावर चर्र असा आवाज आला किंवा वाफ आली तर हात तिथेच थांबवायचा. डाव्या कानामागे एका बटेला तसा बारीक आवाज आला, लगेच स्ट्रेटनर काढला आणि तिथे पुन्हा ड्रायर फिरवला.

तापमान 170. बट पातळ, इतकी की पट्टीत धरल्यावर पलीकडचा उजेड दिसावा. पुढे शिसवी लाकडाची बारीक दातांची फणी आणि तिच्या मागोमाग स्ट्रेटनर, दोन्ही एकाच वेगानं, मुळापासून टोकापर्यंत न थांबता. फणीनं केस समांतर होतात, त्यामुळे एका फेरीत काम होतं. मधे थांबलं तर तिथे आडवी घडी पडते. टोकांवर स्ट्रेटनर किंचित सैल सोडला. कपाळाजवळचे आणि मानेवरचे लवेसारखे बारीक केस मी 150 वर, अगदी शेवटी केले. एक फेरी, एक बट. जिथे अगदीच वळण राहिलं तिथे बट पूर्ण गार होऊ दिली आणि मगच दुसरी फेरी. तिसरी कुठेच नाही. शेवटी तळहातावर सीरमचे दोन थेंब, ते चोळून फक्त खालच्या अर्ध्या भागाला.

पहिल्यांदाच तिच्या केसांची खरी लांबी आम्हा दोघींना दिसली. फाटे फुटलेली टोकंही दिसली, कुरळ्या केसांत ती लपून जातात. केसांच्या धारदार कात्रीनं तेवढीच टोकं कापली. सरळ केसांवर ती रेषा नीट दिसते, हा मला या सगळ्या खटाटोपाचा सर्वांत मोठा फायदा वाटतो.

रात्री झोपताना केस डोक्याभोवती चपटे गुंडाळून, वर माझ्या जुन्या रेशमी साडीचा तुकडा बांधला. रबरबँड नाही, अंबाडा नाही, त्यांची खूण पडते.

सकाळचा प्रश्न पुण्याचा होता: स्कूटी, हेल्मेट आणि तोंडावर गुंडाळायचा स्कार्फ. सुती स्कार्फ केसांवर घासतो आणि हेल्मेटच्या आत घाम येतो. घामानं मुळं ओली झाली की तिथून केस वळायला लागतात. म्हणून आतून तोच रेशमी तुकडा, वर हेल्मेट, आणि पाठीवरचे केस जॅकेटच्या आत. जानेवारीतली हवा कोरडी, त्यामुळे फुगण्याची भीती कमी होती, पण लोकरी स्वेटर काढताना केस विजेनं उभे राहतात. प्लॅस्टिकच्या कंगव्यानं ते वाढतं. पर्समध्ये शिसवी फणी दिली. संध्याकाळी ती आली तेव्हा साडीच्या निऱ्या सुटल्या होत्या, केस मात्र सकाळसारखेच. पार्लरमधून स्मूदनिंग करून आलेल्या मैत्रिणीनं तिला विचारलं म्हणे, कुठे केलेस?

दुसऱ्या दिवशी कपाळाजवळची एक बट थोडी वळली होती आणि लेकीला तिच्यावर पुन्हा स्ट्रेटनर फिरवून हवा होता. मी दिला नाही. रोज सकाळची ही एक-एक फेरी म्हणजे न धुतलेल्या, सीरमचा थर उडालेल्या केसांवर थेट उष्णता. घरी केस तुटतात ते बहुधा अशानंच. ती बट क्लिपनं मागे लावली, तेही छान दिसलं.

आठवडाभरानं केस धुतले. मी बाथरूमच्या दाराशी उभी राहून बघत होते, कारण खरी परीक्षा ही होती. पाणी पडलं आणि वळणं परत आली. नंतर सुकल्यावर मी एकेक भाग उजेडात धरून पाहिला. उष्णतेनं बिघडलेला केस मधेच सरळ, निर्जीव लोंबतो, वळणात सामील होत नाही. तसा एकही सापडला नाही. कंगव्यात आलेल्या केसांना पांढरे ठिपके होते.

आता मे महिन्यात माझ्या चुलतबहिणीचं लग्न आहे, रत्नागिरीला, आणि लेकीला तिथेही केस सरळ हवेत. मी नको म्हटलंय. कोकणातल्या मे महिन्याच्या दमट हवेत उष्णतेनं सरळ केलेले केस मांडवात पोचेपर्यंतही टिकायचे नाहीत आणि तिथे कुणी पुन्हा स्ट्रेटनर लावला तर एवढी मेहनत फुकट. त्याऐवजी आदल्या रात्री ओलसर केसांच्या जाड वेण्या घालून, सकाळी सोडून, मोठ्या लाटांवर अबोलीचा वळेसर माळायचा असं ठरतंय. पुढच्या रविवारी तीच वेणी घालून बघणार आहोत, म्हणजे किती बटांची घालायची ते कळेल.